कुलपातला संडास

आज सकाळपासून तुम्ही किती वेळा लघवीला गेलात?

लाज वाटली का प्रश्नाची? वाटू द्या. तीनदा गेला असाल, चारदा गेला असाल. मोजायची वेळ आली नाही, कारण दार उघडं होतं आणि कडी आतून लावायची होती. जवळा बाजारच्या जनकाबाईला मात्र हा हिशेब तोंडपाठ आहे. सकाळी टेम्पोत बसायच्या आधी एकदा, संध्याकाळी टेम्पोतून उतरल्यावर एकदा. मधले दहा तास काही नाही. आणि हे हळदीच्या हंगामात दररोज, अकरा वर्षं.

जनकाबाई पन्नाशीची, काटक, उंच. बोलते तेव्हा समोरचा आपोआप दोन पावलं मागं सरकतो. गल्लीत भांडण लागलं की लोक आधी तिला हाक मारतात, पोलीस पाटलाला नंतर. नवरा शेळ्या राखतो आणि घरात फारसं बोलत नाही. बोलायची गरजच उरत नाही, असं तो स्वतःच सांगतो. जनकाबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. अंगठा कुठंच देत नाही. तहसीलच्या कारकुनानं एकदा शाईची डबी पुढं केली, तर तिनं ती टेबलावरच पालथी घातली होती.

ती जिथं कामाला जाते तो कारखाना औंढ्याच्या रस्त्याला आहे. शेतात शिजवून वाळवलेली हळद इथं येते, मोठ्या ढोलात फिरवून तिची साल काढतात, ती चकाकायला लागते. मग बेचाळीस बायका जमिनीवर बसून ती निवडतात. लांब कांडी वेगळी, गोल गड्डे वेगळे, किडकं-तुटकं वेगळं. ढोलाचा धुरळा डोळ्यांत, नाकात, भाकरीत. भिकाबाई नावाची एक म्हातारी रोज त्यावर तीच थट्टा करते आणि बायका रोज हसतात, "आपल्याला बारा महिने हळद लागती गं, नवरदेव तेवढा जुनाच!"

निवडलेली पोती पुण्याकडं जातात. तिथली मसाल्याची मोठी कंपनी ती दळते, पुडीत भरते आणि पुडीवर नऊवारीतल्या हसऱ्या बाईचं चित्र छापते. त्या चित्रातल्या बाईला लघवी लागत नसावी.

चार वर्षांपूर्वी याच कंपनीनं कारखान्याला नियमांचा कागद धाडला. माल द्यायचा तर बायकांसाठी संडास पाहिजे. मालकानं बांधला. पांढऱ्या फरश्या, नळ, आरसा, दारावर निळी पाटी. फोटो काढले, पुण्याला पाठवले आणि त्याच संध्याकाळी शेषराव मुकादमानं दाराला कुलूप घातलं. आत रिकामी पोती रचली.

"काहून लावलं रे कुलूप?" जनकाबाईनं तेव्हाच विचारलं होतं.

"तुमी घाण करता मावशी. उद्या साहेब लोक आले त काय दाखवू त्याइला?"

म्हणजे संडास साहेबांना दाखवायला. बायकांनी जायचं कारखान्याच्या मागं, नाल्याच्या कडेला, बाभळीच्या आडोशाला. बाभळीपलीकडं दहा हातांवर डांबरी रस्ता, रस्त्यावर ट्रक. चौघींनी लुगडं ताणून धरायचं, पाचवीनं बसायचं. ड्रायव्हर भोंगा वाजवायचे. मग बायकांनी सोपा मार्ग काढला: पाणीच प्यायचं नाही. शेडमध्ये थंडगार माठ भरलेला असायचा, वर ग्लास उपडा. पाहणारा म्हणेल, वा, काय सोय आहे! माठ भरलेला राहायचा, कारण त्याला कुणी शिवतच नव्हतं. मे महिन्यात. हिंगोलीच्या मे महिन्यात.

आता चूक सांगायला हवी. ती जनकाबाईची आहे आणि ती तिनं कुणापासून लपवलेली नाही.

गेल्या वर्षी कंपनीची एक बाई तपासणीला आली. शितल नाव, वय तिशीच्या आत, हातात टॅब. पोरगी वाईट नव्हती. तिनं शेषरावला शेडबाहेर काढलं, दार लोटलं, बायकांसोबत जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाली, "मोकळेपणानं सांगा. काही तकलीफ आहे का?"

एक्केचाळीस तोंडं जनकाबाईकडं वळली. जुनी तीच, बोलकी तीच. आणि जनकाबाईनं पाहिलं, तर समोर उन्हातून आलेली, घामेजलेली, लेकीच्या वयाची पाहुणी. आपल्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग तो विचारतो, बरं आहे ना सगळं? आणि आपण म्हणतो, व्हय, बरं आहे. घरात पिठाचा डबा रिकामा असला तरी. आलेल्या माणसाच्या ताटात रडगाणं वाढू नये, हे जनकाबाईला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं.

"न्हाई बाई," जनकाबाई म्हणाली. "समदं बराबर हाय. च्या घ्या तुमी."

शितलनं तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. मग तिनं कागद पुढं केला आणि जनकाबाईनं, अंगठा नव्हे, पूर्ण सही केली. सावकाश, एकेक अक्षर घोटून. सही झकास आली म्हणून तिला दिवसभर बरं वाटत होतं.

यंदा फेब्रुवारीत खुशनुमा हळदीच्या ढिगाऱ्यावर कोसळली.

खुशनुमा बावीस वर्षांची, बारावी पास, बायकांत सगळ्यात जलद हाताची. थंडी वाजून ताप, कमरेत कळा. जनकाबाईनंच तिला टेम्पोत घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाईनं पोट दाबलं, लघवी तपासली आणि विचारलं, "दिवसाला पाणी किती पितेस?"

"पीत नाही."

"का?"

खुशनुमानं मान खाली घातली. जनकाबाईनं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी पुढं ओढली, औषधं लिहिली. मग म्हणाली, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंड कायमचं जाईल. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलाच पाहिजे.

"पानी प्या म्हनून लिव्हलं," बाहेर आल्यावर जनकाबाई चिठ्ठीकडं बघत म्हणाली, "पन सोडायचं कुठं ते न्हाई लिव्हलं."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोतून उतरली ती थेट शेषरावच्या टेबलासमोर.

"किल्ली दे."

"कशाची, मावशी?"

"तुला बराबर म्हाईत हाय कशाची."

शेषरावनं चहाचा घोट घेतला, मोबाइल काढला, बोटानं वर-खाली केलं आणि स्क्रीन तिच्या तोंडासमोर धरली. "वाचता येते नं तुमाला? 'कामगारांची कोणतीही तक्रार नाही. सुविधा समाधानकारक.' खाली सही कोनाची? आता काहून बोंब मारून राहिल्या?"

आपलंच नाव. आपलंच घोटीव अक्षर. जनकाबाईच्या तोंडून शिवी निघाली, पण ती शेषरावला होती की स्वतःला, हे तिलाही सांगता आलं नाही. त्या सहीनं त्या क्षणी तिला अंगठ्यापेक्षा जास्त लाज आणली.

पण रडत बसायचा तिचा स्वभाव नाही. शेषरावच्या मागच्या भिंतीवर कंपनीचा रंगीत कागद होता: तक्रार असेल तर या नंबरवर कळवा. तो कुठं लावलेला? मुकादमाच्या खुर्चीमागं. कोणत्या भाषेत? इंग्रजीत. खुशनुमा बरी होऊन कामावर आली, तिनं तो वाचला, नंबर हातावर लिहून घेतला आणि घरून फोन लावला. पलीकडून हिंदीतून उत्तर आलं, आपकी शिकायत दर्ज कर ली गई है. नाव विचारलं. तिनं खरं सांगितलं. शिकलेली पोर, तिला वाटलं खरं सांगायचं असतं.

तिसऱ्या दिवशी तो तक्रारीचा कागद खुशनुमाच्या नावासकट शेषरावच्या टेबलावर होता. कंपनीनं तो मालकाकडं 'खुलाशासाठी' धाडला होता. कोंबडीची फिर्याद बोक्याकडं चौकशीला!

"तब्येत नाजूक हाय तुही," शेषराव खुशनुमाला म्हणाला. "घरी आराम कर. उद्यापासून टेम्पोत बसू नको."

महिन्यानं खुशनुमाला कंपनीचं पत्र आलं. सदर कारखाना हा स्वतंत्र पुरवठादार असून त्याच्या अंतर्गत व्यवस्थापनाशी कंपनीचा थेट संबंध नाही.

थेट संबंध नाही! कांडीची लांबी किती हवी, हे कंपनी ठरवते. हळदीत ओल किती चालेल, हे कंपनी ठरवते. पोत्यात मूठभर किडका माल निघाला तर अख्खा ट्रक पुण्याहून परत येतो, तेव्हा संबंध असतो. संडास बांधा, हे सांगायलाही संबंध होता. फक्त त्याचं दार उघडायची वेळ आली आणि कंपनी एकाएकी परकी झाली. हळद सोन्याच्या तराजूत तोलायची आणि ती निवडणारीचं मूत्रपिंड पुरवठादाराच्या अंगणात टाकून द्यायचं, याला धंदा म्हणतात होय? याला हात झटकणं म्हणतात.

खुशनुमानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा जनकाबाईनं एकच विचारलं, "ती टॅबवाली पोरगी पुन्ना कधी येनार?"

ती मे महिन्यात येणार होती. आधी कळवून. आदल्या संध्याकाळी टेम्पोत जनकाबाई बायकांना म्हणाली, "उद्या कोनी रडायचं न्हाई. कोनी काई सांगायचं न्हाई. येताना घरून फकस्त काहीतरी प्यायचं आना. लई पाहुणचार करायचा तिचा."

"सांगायचं न्हाई?" भिकाबाई भडकली. "गेल्या साली बी तूच तोंड शिवलं आमचं!"

"म्हनून त यंदा मीच उसवनार हाय. तू ताक आन."

शितल साडेदहाला आली. शेषरावनं संडासातली पोती काढली होती, फरश्या पुसल्या होत्या, नवा साबण ठेवला होता. तिनं आत डोकावून पाहिलं, फोटो घेतला, टॅबवर खूण केली. ती शेडकडं वळली आणि शेषरावनं सवयीनं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मग मोटारसायकलला लाथ घालून तो औंढ्याला गेला, मॅडमसाठी ढाब्यावरून कोंबडी आणायला. गेल्या वर्षीही तो असाच गेला होता आणि थेट जेवायच्या वेळेला परतला होता. जनकाबाईला हे ठाऊक होतं.

शितल जमिनीवर बसली. आधी आला तांब्या. मग चहा. मग भिकाबाईचं ताक, "घ्या बाई, घरच्या म्हशीचं हाय." मग कुणाचं लिंबूसरबत, कुणाचं कैरीचं पन्हं. एकीचं घेतलं म्हणून दुसरीचं नाकारता येईना. बाहेर पत्रा तापलेला, पोरगी तहानलेली, पीत गेली. बायका तिला लग्नाचं विचारत होत्या, पुण्यातल्या पावसाचं विचारत होत्या. तकलीफ विचारली की म्हणत होत्या, सांगतो की, आधी हे घ्या. एक वाजला. शितल दोनदा जागेवर सरकली. मग जनकाबाईच्या कानाशी आली.

"मावशी, ते... वॉशरूम?"

"चला की."

जनकाबाईनं तिला निळ्या पाटीसमोर उभं केलं. शितलनं कुलपाकडं पाहिलं.

"किल्ली?"

"औंढ्याला गेली. कोंबडी आनायला."

शितलनं शेषरावला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच मॅडम, अर्धा तास. तिचा चेहरा पडला. "मावशी, मला थांबता येणार नाही."

"आमाला येते," जनकाबाई म्हणाली. "सवय हाय. तुमी चला, आमी जातो तिथं दाखवते."

चौघींनी लुगडं धरलं. जिला अगदीच थांबवत नाही तिच्यासाठी धरतात तसंच, ना इंच वर ना इंच खाली. बाभळीपलीकडून एक ट्रक गेला, त्यानं लांबलचक भोंगा वाजवला आणि क्लीनरनं खिडकीतून काहीतरी घाण ओरडलं. शितल परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"तुम्ही मुद्दाम केलंत हे."

"व्हय."

"मला नुसतं सांगितलं असतं तरी..."

"फोनवर सांगितलं व्हतं की. ज्यानं कुलूप लावलं त्यालाच तुमच्यावाल्यांनी कळवलं. पोरीचं काम गेलं."

"तो फोन माझ्याकडं येत नाही. आणि गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, सगळं बरोबर आहे. सही आहे तुमची!"

"गेल्या वर्षी तुमी पावन्या व्हत्या," जनकाबाई म्हणाली. "पावनीला आमी घरचं दुखनं सांगत न्हाई. यंदा तुमी पावन्या न्हाईत. यंदा तुमी कंपनी हाईत. आता लिव्हा."

शेषराव कोंबडी घेऊन आला तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. शितल लिहीत होती. माठ, बाभळ, ट्रक, खुशनुमाचा दवाखाना, खुशनुमाचं गेलेलं काम. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी जनकाबाईनं एकटीनं सही केली नाही. बेचाळीसजणींनी, म्हणजे खुशनुमाला बोलावून आणून, एकेक करून केली. ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठा दिला आणि जनकाबाईनं पहिल्यांदाच शाईची डबी स्वतःच्या हातात धरली. त्या दिवशी घरी जाताना टेम्पोत गाणी झाली.

गाणी वीस दिवस टिकली.

एकविसाव्या दिवशी टेम्पो आलाच नाही. बायका स्वतःच कारखान्यावर गेल्या, तर फाटकावर कागद होता. पुण्याच्या कंपनीनं या कारखान्याचा माल घेणं बंद केलं होतं. पेपरातही कंपनीचं निवेदन आलं: मानवी हक्कांच्या भंगाबाबत आम्ही कोणतीही तडजोड करत नाही. वाचणाऱ्याला वाटलं असेल, काय ही कंपनी, काय हिची नीती! मालकानं निवडीची शेड बंद केली आणि माल दुसरीकडं विकायच्या मागं लागला. संडासाचं कुलूप होतं तिथंच राहिलं. कुलूप लावणारा शेषराव कामावर. बेचाळीस बायका घरी.

गल्लीत जनकाबाईला आता कुणी जयभीम घालेना. भिकाबाई दारात उभी राहून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुतायला जागा मागितली आन् बसायची बी गेली!" खुशनुमाच्या आईनं तिला दारातून आत घेतलं नाही. कुणाशी भांडावं हेच जनकाबाईला कळेना, आणि हे तिच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

शितलनं सह्यांच्या दिवशी आपला नंबर दिला होता, तो तिनं लावला.

"मी असं लिहिलंच नव्हतं, मावशी," शितल म्हणाली. "मी लिहिलं होतं की तीन महिने द्या, कुलूप काढायला लावा, खुशनुमाला परत घ्या, मग पुन्हा तपासा. वरच्यांना ती कटकट वाटली. सोडून देणं सोपं होतं."

"म्हंजे गुन्हा त्यानं केला आन् शिक्षा आमाला?"

उत्तराची वाट न बघता जनकाबाईनं पुढचं विचारलं.

"आता हळद कुठून घेऊन राहिले तुमचे साहेब?"

शितलनं सांगितलं. शिरड शहापूरकडचा एक कारखाना. जनकाबाईची चुलत बहीण तिथंच निवडीला जाते. तिथं संडासाला कुलूप नाही. कारण तिथं संडासच नाही; कागदावर आहे, आणि कागदाला दार लागत नाही.

त्या दिवशी जनकाबाईचा राग योग्य जागी वळला, कंपनीवर. ती भिकाबाईच्या दारात गेली, न बोलावता आत शिरली आणि म्हणाली, "मला शिव्या घाल, पन इथं सही कर." मग खुशनुमाच्या घरी. तिथं तिच्या आईनं पुन्हा दार लावलं, तर खुशनुमाच मागच्या दारानं बाहेर आली, वही घेऊन. आठ दिवस दोघी घरोघरी फिरल्या. शिव्या खाल्ल्या, दोन ठिकाणी हाकलून दिल्या गेल्या. तरी चौतीस सह्या झाल्या. कागदावर मागणी साधी आहे. कंपनीनं पळून जाऊ नये. परत यावं, या कारखान्याचाच माल घ्यावा, अट घालून घ्यावा. किल्ली बायकांकडं. खुशनुमा कामावर. तक्रार करणारीचं नाव मालकाला कळवायचं नाही. आणि शिरड शहापूरच्या कारखान्यालाही हेच लागू.

कागद पुण्याला जाऊन सहा आठवडे झाले. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' खुशनुमा रोज तीन लिटर पाणी पिते, घरी बसून. जनकाबाई सध्या दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, आणि दर सोमवारी त्या नंबरवर फोन लावते. तिचा आवाज आता ते ओळखतात. ओळखला की ठेवतात.

तुमचा आवाज ते ओळखत नाहीत. म्हणून हे तुमच्याकडं मागणं आहे. हळद घेणं बंद करू नका. तुम्ही सोडली तर शिक्षा पुन्हा याच बायकांना. घरातली पुडी उलटी करा, कोणत्याही कंपनीची असो, मागं बारीक अक्षरात नंबर आहे. तो लावा. विचारा, ही हळद कोणत्या कारखान्यात निवडली, तिथल्या बायका दिवसभरात कुठं जातात, आणि गडबड सापडली तर तुम्ही ती दुरुस्त करता की पळून जाता. 'नोंद घेतली' म्हणाले, तर फोन ठेवू नका. उत्तर मिळेपर्यंत धरून ठेवा.